चेहऱ्यावरचे तेल आणि बाटलीतले तेल

त्वचा तेलकट होते ती तैलग्रंथींमुळे. या बारीक ग्रंथी केसांच्या मुळांना लगटून असतात आणि त्यांतून सीबम नावाचा मेणचट, पिवळसर स्राव केसाच्या वाटेने वर येऊन त्वचेवर पसरतो. तळहात आणि तळपाय सोडले तर तैलग्रंथी अंगभर आहेत. पण कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे त्यांची दाटी असते. चेहऱ्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्या शेकड्यांनी भरतात. त्यामुळे कपाळ आणि नाक चमकत असताना त्याच चेहऱ्याचे गाल कोरडे असणे अगदी शक्य आहे, आणि अशी मिश्र त्वचाच जास्त लोकांची असते.

सीबममध्ये ट्रायग्लिसराइडे, मेणासारखे पदार्थ, मेदाम्ले आणि स्क्वालीन नावाचे एक तेल असते. त्वचेतला ओलावा टिकवणे, केस मऊ ठेवणे आणि काही जंतूंना आवर घालणे ही त्याची कामे. तेव्हा चेहऱ्यावरचे तेल म्हणजे मळ नव्हे. त्रास सुरू होतो तो केसाच्या वाटेचे तोंड मृत पेशींनी बुजले म्हणजे. मागे साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू पोसला जातो, सूज येते आणि पुटकुळी उठते. उघड्या तोंडाशी साचलेला ऐवज हवेने काळा पडला की तो ब्लॅकहेड होतो. त्याचा काळेपणा धुळीचा नसल्यामुळे घासून तो जात नाही.

ग्रंथींना तेल बनवण्याचा हुकूम सुटतो तो ॲन्ड्रोजेन गटातल्या संप्रेरकांकडून. ही संप्रेरके मुलांच्या आणि मुलींच्या, दोघांच्याही शरीरात असतात आणि वयात येताना वाढतात. म्हणून आठवी-नववीत चेहरा तेलकट होऊ लागतो. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर तेल कमी होते, पुरुषांमध्ये ते उतारवयापर्यंत टिकते. किती तेल सुटणार हे बरेचसे आईवडिलांकडून आलेले असते. हवेचाही भाग असतो: १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की सीबमचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढते, असे दिसले होते. कोल्हापुरात मार्च ते मे हा उकाड्याचा काळ आणि त्यानंतरचे दमट पावसाळी महिने त्यामुळे तेलकट त्वचेला जड जातात. थंडीत तोच चेहरा बरा वाटतो आणि नुकतेच लावायला घेतलेले मलम गुणकारी ठरल्याचा भास होतो.

खाण्याबद्दल कोल्हापुरात एक पक्का समज आहे, की तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट खाल्ला की तेल तोंडावर येते. रश्श्यावरचा तवंग आणि कपाळावरचा तवंग यांचा असा थेट संबंध नाही. पोटात गेलेले तेल पचते, मोडते आणि शरीराच्या गरजेप्रमाणे वापरले जाते. ते गाळून चेहऱ्यावर येत नाही. आहारात ज्यांच्याविषयी काही पुरावा आहे, ते पदार्थ वेगळेच आहेत. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे मैद्याचे आणि गोड पदार्थ कमी केल्यावर तरुण मुलांच्या पुटकुळ्या घटल्या, असे ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. दुधाबाबत, विशेषतः साय काढलेल्या दुधाबाबत, निरीक्षणांतून संबंध दिसतो, पण तो पक्का नाही. कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या शहरात एवढ्यावरून दूध सोडायला सांगणे अतिरेकाचे होईल. व्हे प्रोटीनची गोष्ट निराळी. व्यायामशाळेत डबा सुरू केला आणि दोन महिन्यांत पाठ पुटकुळ्यांनी भरली, असे घडते, आणि डबा बंद करून पाहणे हा तिथे सोपा, बिनखर्चाचा उपाय आहे. त्यापुढे जाऊन कोणी स्नायू वाढवण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेत असेल, तर तो तैलग्रंथींना थेट ॲन्ड्रोजेनच पुरवत असतो.

कोल्हापूरच्या तालमींत त्वचेच्या दृष्टीने सगळेच एकत्र येते. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ ठेवतात, अंगाला तेलाची मालीश होते, घाम निथळतो आणि अंगाला अंग घासते. तेल, उष्णता आणि घर्षण या तिन्हींमुळे खांद्यावर, मानेवर आणि कपाळावर जी पुरळ उठते, ती नेहमीच्या तारुण्यपीटिकांपेक्षा वेगळी असते आणि मेहनतीनंतर लगेच अंघोळ केली, लंगोट-जांघ्या रोज धुतल्या तर बरीचशी आवरते. गोल, कडेने उठावदार आणि खाजणारा चट्टा मात्र गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. त्याच्यावर तेलाने काम भागत नाही. उलट तो मल्लामल्लांत पसरतो.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत तेलाचा आणखी एक प्रकार भेटतो. लेथवर उडणारे कूलंट आणि धातू कापताना वापरायचे तेल केसांच्या मुळाशी बसून हातावर, मांडीवर काळे ठिपके आणि पुटकुळ्या उठवते. औद्योगिक आरोग्याच्या पुस्तकांत हा विकार फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. तेलाने भिजलेली पँट दिवसभर मांडीला चिकटून राहणे आणि त्याच तेलकट चिंध्यांनी हात पुसणे ही त्याची मुख्य कारणे. हात थिनरने किंवा रॉकेलने धुतले तर तेल जाते, पण त्वचेचे संरक्षणही त्याबरोबर जाते.

आणखी एक तेल घरातलेच, केसांना लावायचे. रात्री चापूनचोपून खोबरेल लावून झोपले की ते उशीवर आणि तिथून कपाळावर उतरते. केसांच्या कडेने ओळीने येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचे कारण पुष्कळदा हेच असते. खोबरेल केसांना उत्तम, पण छिद्रे बुजवण्याकडे त्याचा कल आहे. डोक्यातल्या कोंड्याशी जोडली गेलेली मॅलासेझिया ही बुरशीही अशा तेलातल्या मेदाम्लांवर वाढते. तेल सोडायची गरज नाही. न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाकावे, एवढेच.

तेलकट त्वचेच्या देखभालीचा पाया म्हणजे धुणे, आणि चूकही तिथेच जास्त होते. दिवसातून दोनदा आणि घाम आल्यानंतर एकदा, कोमट किंवा साध्या पाण्याने, बोटांनी हलकेच धुणे पुरते. त्वचेचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा. बोअरच्या जड पाण्यात साबणाची चुन्याशी गाठ पडून चिकट साका होतो आणि तो त्वचेवर राहतो. म्हणून चेहऱ्यासाठी साबणरहित, कमी सामूचा फेसवॉश बरा. खूप धुतले की ग्रंथी चिडून दुप्पट तेल सोडतात, असे सौंदर्यसल्ल्यांत छातीठोकपणे सांगतात. त्याला भक्कम आधार नाही, कारण ग्रंथी संप्रेरकांचे ऐकतात, फेसवॉशचे नव्हे. पण घासून घासून धुतलेली त्वचा लाल होते, झोंबते, सोलपटते आणि त्यानंतर लावलेले कोणतेही औषध तिला सोसत नाही. नुकसान एवढे पुरेसे आहे. मधल्या वेळात चेहरा चमकला तर टिपकागद किंवा साधा सुती रुमाल दाबून धरावा.

गव्हाळ आणि सावळ्या कांतीला आणखी एक जोखीम असते. पुटकुळी आठवड्यात बसते, पण तिच्या जागी उरलेला काळा डाग महिनोन्महिने राहतो. चुकीच्या उपायाने झालेली जळजळही असाच डाग मागे ठेवते. गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत, ते या कारणाने. पुटकुळी फोडू नये हा आजीचा सल्ला शास्त्रालाही मान्य आहे.

धुतल्यानंतर लावायच्या गोष्टी थोड्याच आहेत. अर्धा ते दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे बुजलेल्या तोंडाशी पोचून तिथला ऐवज सैल करते. नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचे एक रूप. दोन टक्क्यांच्या प्रमाणात ते चेहऱ्यावरचे तेल काहीसे कमी करते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, आणि ते सहसा झोंबत नाही. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण तेल म्हणजे ओलावा नाही. औषधे लावलेल्या त्वचेला पाण्याचा अंश लागतो, फक्त तो जेलच्या रूपात, छिद्रे न बुजवणारा असावा. डाग गडद होऊ नयेत म्हणून सकाळी तीस किंवा अधिक एसपीएफचे जेल सनस्क्रीन. दुचाकीवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ उन्हापासून वाचवतो, पण तो रोज धुतला नाही तर तेल आणि घाम परत चेहऱ्यालाच लावतो.

महाराष्ट्रात सुगंधी वनस्पतींनी अंग स्वच्छ करण्याची रीत जुनी आहे. दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर पाकिटांतून विकले जाणारे उटणे म्हणजे आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि मुलतानी माती असा ऐवज. अभ्यंगाची मांडणी तेलकट त्वचेच्या दृष्टीने शहाणपणाची आहे: आधी लावलेले तेल त्वचेवरचे जुने तेल सैल करते आणि मग कोरडी भुकटी दोन्ही शोषून घेते. या भुकटीत सुगंधी तेले असतातच, पण अत्यल्प आणि वनस्पतीच्या पेशींत बंद. म्हणून उटण्याने सहसा कोणाला इजा होत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. भरड उटणे सुजलेल्या पुटकुळ्यांवर घासू नये. आणि काही मिश्रणांत बावची घातलेली असते. तिच्यातल्या सोरॅलेनमुळे त्वचा उन्हाला नको इतकी संवेदनशील होते, म्हणून ते नीट धुऊनच बाहेर पडावे. नुसती मुलतानी माती आठवड्यातून एकदा चालते. ती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवली की त्वचा ओढली जाते. ओलसर असतानाच धुवावी.

बाटलीतले इसेन्शियल ऑइल ही याच वनस्पतींची, पण पूर्ण वेगळ्या ताकदीची वस्तू आहे. पाने, मुळे किंवा लाकूड यांतून वाफ सोडतात, वाफेबरोबर सुगंधी तेल उडते, थंड झाल्यावर ते पाण्यापासून वेगळे काढतात. परसातला शंभर किलो गवती चहा वाफेवर धरला तर हाती अर्ध्या किलोपर्यंत तेल येते. चहात टाकलेल्या दोन पात्या आणि या तेलाचे चार थेंब यांत केवढे अंतर आहे, ते या हिशेबावरून कळते. ही तेले खाद्यतेलांसारखी मेदाची बनलेली नसतात. ती उडून जाणाऱ्या, त्वचेत सहज शिरणाऱ्या रसायनांची मिश्रणे असतात. वनस्पतिजन्य म्हणून सौम्य, हा तर्क त्यांना लागू नाही.

तेलकट त्वचेसाठी त्यांतले सर्वांत तपासलेले तेल म्हणजे टी ट्री. ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका झाडाच्या पानांपासून ते काढतात आणि टर्पिनेन-४-ऑल हा त्यातला मुख्य जंतुनाशक घटक. १९९० साली तिथे १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच टक्के टी ट्री जेलची तुलना पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड या पुटकुळ्यांवरच्या नेहमीच्या औषधाशी केली गेली. दोन्हींनी पुटकुळ्या घटल्या. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. २००७ साली इराणमध्ये ६० रुग्णांवरच्या चाचणीतही पाच टक्के जेल औषधरहित जेलपेक्षा सरस ठरले. या चाचण्या पुटकुळ्यांबद्दलच्या आहेत. चेहऱ्यावर सुटणारे तेलच कमी करते, असे या किंवा दुसऱ्या कोणत्याही सुगंधी तेलाबाबत खात्रीने म्हणता येत नाही, आणि जाहिराती नेमके तेच म्हणतात.

महाराष्ट्राचे स्वतःचे तेल म्हणायचे तर रोशा गवताचे. खानदेश आणि शेजारच्या निमाडच्या डोंगरउतारांवर हे गवत रानोमाळ उगवते. तिथे ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढत आणि मुंबई बंदरातून ते पश्चिमेकडे जाई. तुर्कस्तानमार्गे गेलेले हे तेल गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळीसाठी खपत असे; दोन्हींत जिरॅनिऑल हा घटक असल्याने ती लबाडी नाकाला सहजासहजी कळत नसे. प्रयोगशाळेत हे तेल जंतू आणि बुरशी यांना आवरते, आणि आजही साबणात, क्रीममध्ये त्याचा वापर होतो. चेहऱ्यावर त्याच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. वाळ्याचे तेल दाट, मातकट वासाचे. उन्हाळ्यात माठात टाकलेल्या जुडीचा तो वास. ते त्वचेला मानवते, पण त्याचा मुख्य लाभ सुगंधाचाच. चंदनाच्या तेलातल्या सँटॅलॉलमध्ये सूज कमी करण्याचा गुण दिसला आहे. मात्र म्हैसूरला १९१६ पासून सरकारी कारखान्यात निघणारे हे तेल इतके महाग की स्वस्त बाटलीत ते शुद्ध असण्याची आशा धरू नये. सहाणेवर उगाळलेले खोड हा पुटकुळीवर लावायला थंडावा देणारा, निर्धोक पर्याय आहे.

टाळण्यासारखी तेलेही सांगायला हवीत. दालचिनी आणि लवंग ही चेहऱ्याला जाळतात. गवती चहाच्या तेलातले सिट्रल वारंवार ॲलर्जी करते. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात, आणि चेहऱ्यावर चोळलेल्या लिंबाच्या फोडीतही, असे पदार्थ असतात की त्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन तपकिरी डाग उठतात. कोल्हापूरच्या उन्हात लिंबू लावून बाहेर पडणे हा डाग मिळवण्याचा खात्रीचा मार्ग. लिनॅलूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल या सुगंधी घटकांची नावे युरोपात वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे, ते ॲलर्जीमुळेच.

सुगंधी तेल निखळ लावायचे नसते. तीस मिलिलिटर वाहक तेलात, म्हणजे ते पातळ करायच्या साध्या तेलात, सहा थेंब म्हणजे साधारण एक टक्का, आणि चेहऱ्यासाठी घरगुती मिश्रण त्यापुढे नेऊ नये. वाहक तेलाची निवड इथे महत्त्वाची. पुटकुळ्या असलेल्यांच्या सीबममध्ये लिनोलेइक आम्ल कमी असते, असे आढळले आहे. त्यामुळे खोबरेल किंवा ऑलिव्हपेक्षा ते आम्ल भरपूर असलेले करडईचे तेल अधिक योग्य. सोलापूरकडच्या रानातली करडई या कामी परदेशी द्राक्षबीज तेलाइतकीच उपयोगी आहे. जोजोबाही चालते, ते खरे तर द्रवरूप मेण आहे आणि सीबममधल्या मेणाशी त्याचे साम्य आहे. ज्यांना तेलाचा थरच नकोसा वाटतो, त्यांनी पाच टक्के टी ट्री असलेले तयार जेल घ्यावे आणि ते फक्त पुटकुळीवर लावावे. गुलाबपाण्यात किंवा कोरफडीच्या गरात थेंब टाकून हलवले तरी तेल मिसळत नाही. ते वर तरंगते आणि एकाच जागी निखळ लागते.

नवे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या घडीत, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस लावून पाहावे. ॲलर्जी लगेच उठत नाही, तिला दोन दिवसही लागतात. तेल जुने होऊन हवेने बिघडले की ॲलर्जीची शक्यता वाढते, टी ट्री आणि लव्हेंडरमध्ये विशेषच. म्हणून गडद काचेची छोटी बाटली, घट्ट झाकण, थंड जागा आणि उघडल्यापासून वर्षभराच्या आत संपवणे. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसेल आणि सगळी तेले एकाच भावाने विकली जात असतील, तर आत बहुधा कृत्रिम सुगंध असतो. ही तेले पोटात घ्यायची नाहीत. टी ट्री, नीलगिरी आणि कापूर लहान मुलाच्या पोटात थोडेसे गेले तरी विषबाधा होऊ शकते, तेव्हा बाटली देव्हाऱ्याजवळच्या फळीवर राहता कामा नये. गरोदर बायकांनी आणि दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नयेत.

आठ ते बारा आठवडे नेमाने काळजी घेऊनही फरक नसेल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कोल्हापुरात राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सीपीआर रुग्णालयात ही सोय सरकारी दरात आहे. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि त्याबरोबर तेलकट चेहरा असेल, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी लागते. तिथे फेसवॉश बदलून काही साधत नाही. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेली क्रीमे आधी चेहरा उजळवतात. काही आठवड्यांत मात्र त्यांच्यामुळेच पुटकुळ्या, लाली आणि पातळ झालेली कातडी पदरी येते, आणि क्रीम थांबवले की सगळे उफाळते. डॉक्टर सहसा ॲडापेलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांपासून सुरुवात करतात. यांतल्या दुसऱ्या औषधाने टॉवेल आणि उशीचे अभ्रे विटतात, म्हणून पांढरे वापरावेत. तैलग्रंथी खरोखर आक्रसवणारे औषध एकच, पोटातून घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन. त्याने ओठ फुटतात, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गर्भात गंभीर व्यंग होण्याचा धोका असल्याने ते चालू असताना आणि थांबवल्यानंतर निदान महिनाभर गर्भधारणा टाळणे सक्तीचे असते.